आफ्रिकेतील सफारी : साठीपुढील सभासदांसाठी माहिती

सफारी हा स्वाहिली शब्द आहे. अर्थ प्रवास. मूळ अरबी, म्हणजे आपल्या 'सफर'चाच भाऊबंद. निवृत्तीनंतर अनेक घरांत मुले आई-वडिलांना अशी सहल करवतात. बहुतेकांची पसंती केनियातील मसाई मारा या राखीव क्षेत्राला असते, म्हणून येथे मुख्यतः त्याचीच माहिती दिली आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो : आगाऊ रक्कम भरण्याआधी डॉक्टरांना भेटावे. कारण खाली दिले आहे.

पीतज्वराची लस

केनियाहून भारतात परतताना पीतज्वर (यलो फीवर) लसीचे प्रमाणपत्र विमानतळावर दाखवावे लागते. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि ते आयुष्यभर चालते. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. आपल्याला जवळचे केंद्र म्हणजे हैदराबादेत नारायणगुडा येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन. जाण्यापूर्वी फोन करून दिवस व वेळ विचारून घ्यावी.

साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेताना क्वचित, पण गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर लस देत नाहीत. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. त्यांनी नको म्हटले तर हट्ट करू नये. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. तेथील क्रुगर राष्ट्रीय उद्यान (स्थापना 1926) हा चांगला पर्याय आहे. मात्र विमान वाटेत कोणत्या देशात थांबते ते पाहून घ्यावे. हिवतापाचा धोका दोन्हीकडे आहे. त्याच्या गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारावे.

केव्हा जावे

मसाई मारा सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे असून टांझानियातील सेरेंगेटीला लागून आहे. विल्डबीस्ट नावाच्या गवत्या जनावरांचे लाखोंचे कळप पावसामागून फिरतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी ओलांडतात. हे दृश्य पाहायचे तर हेच महिने. पण परदेशी प्रौढाला प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दररोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे (2024 पासून). सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे वर्षभर दिसतात. गर्दी आणि खर्च नको असेल त्यांनी जानेवारी-फेब्रुवारी निवडावा.

पैशांचे व्यवहार

प्रवास कंपनीला लेखी विचारावे : प्रवेशशुल्क, गाडीच्या फेऱ्या, जेवण आणि विमा रकमेत धरले आहेत का? रद्द केल्यास किती परत?

परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी टीसीएस वसूल करते. हा वेगळा खर्च नसून आगाऊ भरलेला आयकर आहे. पॅन बरोबर द्यावा, 26एएस मध्ये नोंद तपासावी आणि विवरणपत्र भरावे. ज्यांचा कर शून्य येतो त्यांनाही परतावा मागता येतो. अनेक निवृत्त मंडळी विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे तसेच राहतात.

विमा घेताना बीपी, मधुमेह, हृदयविकार लपवू नयेत. जंगलात मोठे रुग्णालय नसते. रुग्णाला छोट्या विमानाने नैरोबीला न्यावे लागते. हा खर्च पॉलिसीत आहे का ते वाचावे.

केनियासाठी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी (ईटीए) लागते. ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढावी.

प्रवास आणि सामान

भालकीहून रेल्वेने मुंबई, तेथून नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तास. पुढे मारापर्यंत मोटारीने पाच-सहा तास, किंवा छोट्या विमानाने पाऊण तास. कंबर, मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी विमानाचा जास्तीचा खर्च करावा. त्या विमानात बहुधा 15 किलोच सामान चालते, तेही मऊ पिशवीत. पहाटे थंडी असते, स्वेटर हवाच. प्लास्टिक पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे. शेंगाचटणी, धपाटे न्यायचे तर डब्यात न्यावे.

जंगलात

गाडीतून उतरू नये, आवाज करू नये, प्राण्यांना खाऊ घालू नये. जनावराच्या अगदी जवळ गाडी नेण्यासाठी चालकाला बक्षिसी देऊ नये. 'बिग फाइव्ह' म्हणजे सिंह, हत्ती, बिबट्या, गेंडा व रानरेडा. ही नावे शिकाऱ्यांनी ठरवली, कारण पायी शिकारीला हे पाच सर्वांत अवघड. पाचही दिसलेच पाहिजेत असे मनात धरून जाणारा माणूस समोरचा जिराफ नीट पाहत नाही.

आधी घराजवळ

पहाटे उठून चार तास गाडीत बसणे झेपते का, हे घराजवळच तपासता येते. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, कलबुर्गी जिल्ह्यात 2011 मध्ये जाहीर झालेले चिंचोळी अभयारण्य आहे. नान्नजच्या माळावर काळविटांचे कळप दिसतात. दुर्बीण घेऊन एक दिवस जावे. शरीराची परीक्षा होते, आणि आपल्या माळरानावर काय शिल्लक आहे तेही कळते.