जिंजी : तीन डोंगर आणि आठ वर्षं

जिंजी म्हटलं की आपल्याला राजाराम महाराज आठवतात. तमिळनाडूतल्या विळुप्पुरम जिल्ह्यातलं हे लहानसं गाव. तिथले लोक त्याला सेंजी म्हणतात. मोगलांचा वेढा इथे सुमारे आठ वर्षं चालला. त्याचं श्रेय आपण शौर्याला देतो आणि ते खरंच आहे. पण इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर बांधकामाचाही वाटा मोठा दिसतो.

राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग हे तीन डोंगर त्रिकोणात उभे असून तटाने एकमेकांना जोडलेले आहेत. एक पडला तरी दुसरा लढवता येतो. राजगिरीच्या माथ्याअलीकडे सुमारे २४ फूट रुंदीची घळ आहे. तिच्यावरचा लाकडी पूल काढून घेतला की वाट बंद! पाण्याचीही सोय आतच : डोंगरावर झरे, पायथ्याला तलाव, आणि कल्याण महालात मातीच्या नळांनी खेळवलेलं पाणी.

यातलं बरंचसं आधीच्या राजवटींचं. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये किल्ला विजापूरकरांकडून घेतला आणि तट, खंदक, बुरूज नव्याने करवले. १६७८ च्या एका जेझुइट पत्रात या कामाचं वर्णन आहे. १६८९ च्या अखेरीस राजाराम महाराज तिथे पोचले, तेव्हा हीच दूरदृष्टी कामी आली. १६९८ मध्ये झुल्फिकारखानाने किल्ला घेतला. पण महाराज आधीच निसटले होते.

म्हणजे मराठी अंमल जेमतेम एकवीस वर्षांचा. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या बारा मराठा किल्ल्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. तिथे गेलात तर ‘आपला किल्ला’ जरूर म्हणा, पण आपल्याआधी तो उभा करणाऱ्यांनाही विसरू नका.