सांध्यांचा इतिहास

मंडळी, आपल्या गणेशोत्सवाला आलो की बहुमजली पार्किंगमध्ये गाडी लावताना माझी नजर आपोआप वर जाते, तुळई खांबावर जिथे टेकते तिथे. बायको ओरडते, "अरे चल, आरती सुरू झाली असेल!" आज मी सॉफ्टवेअरमध्ये पोट भरतो, पण अमेरिकेत आलो होतो स्ट्रक्चरल इंजिनियरिंगचं एम.एस. करायला. तेव्हा वर्गात पाहिलेला एक फोटो अजून डोक्यातून जात नाही.

१७ जानेवारी १९९४, पहाटे ४ वाजून ३१ मिनिटं. लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीचं २५०० गाड्यांचं पार्किंग अगदी नवं होतं. फोटोत त्याचे बाहेरचे खांब धनुष्यासारखे आत वाकलेले दिसतात, पण तुटलेले नाहीत! खांब चांगलेच होते. घात झाला आत. कारखान्यात ओतून आणलेले, म्हणजे प्रीकास्ट, आतले खांब फक्त वजन पेलण्यापुरते होते आणि तुळया त्यांच्या टेकूंवर बसवलेल्या. जमीन हलली, खांब चिरडले, तुळया टेकूंवरून सुटल्या, आणि कोसळणाऱ्या मजल्यांनी बाहेरची चौकट आत ओढली. पहाटेची वेळ, त्यातून मार्टिन ल्युथर किंग दिनाची सुट्टी, म्हणून आत वर्दळ नव्हती.

आर्मेनियाचं नशीब असं नव्हतं. ७ डिसेंबर १९८८ रोजी तिथे भूकंप झाला तो सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी, शाळा-कचेऱ्या भरलेल्या असताना. सुमारे २५,००० माणसं गेली. लेनिनाकान शहरात (आजचं ग्युम्री) प्रीकास्ट खांब-तुळयांच्या नऊ मजली इमारतींपैकी निम्म्याहून अधिक कोसळल्या. त्याच शहरात प्रीकास्ट भिंतींच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. म्हणजे दोष 'प्रीकास्ट' या शब्दात नव्हता, जोडणीत होता.

मग सांधा घट्ट करायचा? माझ्या आईचे गुडघे आखडलेत, तिला विचारा! संशोधकांनी उलट वाट धरली. तुळईच्या आरपार ताणलेली केबल घालायची, पण ती काँक्रीटला चिकटू द्यायची नाही. धक्का बसला की सांधा किंचित उघडतो, साध्या सळ्या ताणल्या जाऊन धक्क्याची ऊर्जा पितात, आणि केबल सांधा पुन्हा मिटवते. १९९९ साली सॅन डिएगोला प्रा. नायजेल प्रीस्टली यांच्या नेतृत्वाखाली पाच मजली इमारत ६० टक्के आकारात बांधून अशा जोडण्या तपासल्या. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत या पद्धतीने ३९ मजली 'पॅरामाउंट' उभी राहिली.

जुनी पार्किंग मात्र अजून वापरात आहेत. गेल्या वर्षी मी दारावरच्या माणसाला विचारलंच, "हे कोणत्या सालचं?"

त्याने मुकाट्याने तिकीट पुढे केलं.