राबाच्या धगीपासून लाल त्रिकोणापर्यंत

भातातले तण आणि कीड यांच्याशी शेतकऱ्याचा झगडा फार जुना आहे. बाटलीतले ‘औषध’ येण्यापूर्वी कर्जत-खालापूरचा शेतकरी काय करीत होता, आणि त्याचे ते ज्ञान पुढे कोठे गेले, हे आपण पाहू.

पावसाळ्यापूर्वी या भागात राब भाजण्याची रीत आहे. रोपे वाढवायच्या जागेवर शेण, झाडांचे टहाळ, गवत, पालापाचोळा यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि वारा जिकडे जातो त्या टोकाकडून पेटवायचे. त्यामुळे आग वाऱ्याविरुद्ध, धुमसत, सावकाश सरकते. वरची माती चांगली तापते, त्यातले तणांचे बी मरते आणि रोपे जोमाने वाढतात.

वनखात्याला ही लाकडाची उधळपट्टी वाटली. ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढेही राबाचा प्रश्न आला. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरोल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबावर प्रयोग केले; त्यांचा निबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या राखेपेक्षा मातीला मिळणारी उष्णता महत्त्वाची, असे त्यांना दिसले. शेतकरी उगाच हट्ट करीत नव्हता. राबाने झाडे ओरबाडली जात, हेही तितकेच खरे. पण या पद्धतीत एक गोष्ट होती : आग दिसते, धग लागते. धोका किती, हे हात आणि डोळेच सांगतात.

नंतर आलेल्या रसायनांचे तसे नव्हते. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला. भारतात डीडीटी बनविण्यासाठी १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे तिचा एक कारखाना रसायनीलाही आला. डीडीटीपाठोपाठ पॅराथिऑनसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आली. मज्जातंतूंचा संदेश पोचल्यावर तो थांबविणारे एक विकर आपल्या शरीरात असते. ही रसायने त्यालाच निकामी करतात. संदेश थांबत नाही. घाम, लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. किडीच्या आणि माणसाच्या शरीरात हे विकर जवळपास सारखेच काम करते, म्हणून जे किडीला मारते ते फवारणाऱ्यालाही मारू शकते.

१९५८ मध्ये केरळात याचा भयंकर प्रत्यय आला. जहाजात पॅराथिऑनच्या सोबत आलेले धान्याचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. या घटनेनंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आकाराला आला आणि १९७१ च्या नियमांनी डब्यावर रंगीत त्रिकोण आणला : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे विष नव्हे असे नाही. फक्त विषारीपणा सर्वांत कमी.

म्हणजे, राबाच्या काळी जे ज्ञान हातात आणि डोळ्यांत होते, ते आता एका छोट्या लेबलावर गेले. औषध टोपणाने मोजून पाठीवरच्या पंपात ओतणाऱ्याला ते लेबल वाचता येईलच असे नाही. बरे, भाताचे खाचर नुसते भाताचे नसते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे त्यात चढतात. तेथले खेकडे कातकरी आणि ठाकूर कुटुंबांच्या जेवणात येतात. बांधापलीकडे धुतलेला पंप कोणाच्या तरी ताटापर्यंत पोचतो.

कीटकनाशक जास्त मारले म्हणजे कीड कमी, असेही नाही. इंडोनेशियात फवारण्यांनी कोळी आणि इतर मित्रकीटक मेले व तपकिरी तुडतुडे अधिकच माजले. अखेर १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी गटाने खाचरात उतरून किडी मोजू लागले. ज्ञान पुन्हा डोळ्यांत आले.

आपल्याकडे नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या भातपद्धतीत नांगरणी, चिखलणी, लावणी नाही. गादीवाफे कायम राहतात, मातीची धूप आणि मजुरी वाचते. मात्र तण आवरण्यासाठी तणनाशक लागते. अशा वापरातील ग्लायफोसेट हे मानवात कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये म्हटले. इतर काही नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक फवारणी करणाऱ्यांपुरता मर्यादित करण्याची अधिसूचना काढली. माती वाचविणारी युक्ती आणि विषाचा प्रश्न एकाच वाफ्यात उभे आहेत.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ‘शेतकरी अडाणी’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही. राब वाऱ्याच्या दिशेने कसा पेटवायचा हे जो जाणतो, तो वाऱ्याकडे पाठ करून फवारायचे हेही चटकन समजेल. कोणीतरी त्याच्या भाषेत, त्याच्या बांधावर सांगायला हवे.

शिक्षकांनी फळ्यावर चार रंगांचे त्रिकोण काढावेत आणि मुलांना घरी एवढेच विचारायला सांगावे : आपल्या डब्यावर कोणता रंग आहे? डब्याला मात्र हात लावू नये. विषबाधा झाली तर रुग्णाबरोबर डॉक्टरांना डब्यावरचे नावही कळायला हवे, हेही सांगावे. ‘औषध मारले’ असे म्हणण्याची आपली सवय आहे. निदान वर्गात तरी त्याला विष म्हणू या.