थेंबांचें गणित

सांथ आली कीं पहिला प्रश्न औषधाचा नसतो. रोगी कोण आणि निरोगी कोण, हें ओळखण्याचा असतो. माणसें लाखांनीं आणि तपासणीचीं साधनें मोजकीं, ही अडचण जुनीच आहे. तिच्यावर एक सुंदर तोड निघाली ती गणितांतून.

१९४३ सालीं, दुसरें महायुद्ध चालू असतांना, अमेरिकेंत सैन्यभरतीसाठीं येणाऱ्या लक्षावधि तरुणांचें रक्त उपदंशासाठीं तपासलें जात असे. बहुतेकांचें रक्त निर्दोष निघे. म्हणजे बहुतेक श्रम ‘नाहीं’ हें एकच उत्तर मिळविण्यांत खर्च होत. रॉबर्ट डॉर्फमन यांनीं सुचविलें : अनेकांच्या रक्ताचा थोडाथोडा अंश एकत्र करून त्या मिश्रणाची एकच तपासणी करावी. तें निर्दोष निघालें, तर सारा गट एकदम मोकळा. दोष आढळला, तरच त्या गटांतील प्रत्येकाचें राखून ठेवलेलें रक्त निराळें तपासावें. शंभरांत एक बाधित असेल, तर अकरा-अकरांचे गट पाडल्यास हजार माणसांना सरासरीनें १९६ तपासण्या पुरतात.

परंतु कागदावरील गणित आणि प्रयोगशाळेंतील अनुभव यांत अंतर राहिलें. मिश्रणांत एकाचा दोष इतरांच्या रक्तानें पातळ होऊन निसटण्याचें भय असतें. उपदंशासाठीं ही युक्ति तेव्हां अमलांत आली नाहीं.

२०२० सालीं कोरोनाच्या महासांथींत तिला नवें महत्त्व आलें. या विषाणूच्या मुख्य तपासणींत त्याच्या जननद्रव्याच्या असंख्य प्रती केल्या जातात. त्यामुळें मिश्रणांतील अल्प अंशहि बहुधा सांपडतो. त्या एप्रिलांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें पांचपर्यंत नमुने एकत्र तपासण्यास अनुमति दिली, ती मुख्यतः शेंकडा २ हून कमी नमुने बाधित निघणाऱ्या भागांसाठीं. चीनमधील वूहान शहरांत १४ मे ते १ जून या अवधींत सुमारें ९९ लाख लोकांची तपासणी झाली. त्यांतील कांहीं नमुने असेच एकत्र तपासले होते. त्या अफाट संख्येंत लक्षणरहित बाधित आढळले ते केवळ ३००.

शेंकड्याची ही मर्यादा कां? पांचांचे गट केले आणि शेंकडा २ बाधित असले, तर शंभर जणांना सुमारें ३० तपासण्या लागतात. शेंकडा ३० असले, तर १०३! म्हणजे सांथ भडकल्यावर ही काटकसर उलट महाग पडते. ती कामाची असते सांथ विरळ असतांना.

साधनें अपुरीं असतात तेव्हां वांचलेली प्रत्येक तपासणी दुसऱ्या एखाद्या दाराशीं पोंचते, आणि तेथील रोग वेळेवर कळला तर सारें घर वांचूं शकतें. म्हणूनच हें गणित सांथ दाराशीं येण्यापूर्वींच मांडून ठेवलें पाहिजे.