बहिणीचा मृत्यू सहा वेळा रंगवणारा चित्रकार: काय आहे एडवर्ड मुंक यांच्या ‘आजारी मुली’ची गोष्ट?

पाचगणीची ओळख आज शाळा, टेबललँड आणि स्ट्रॉबेरी अशी आहे. पण सुमारे 1300 मीटर उंचीवरच्या या गावात एकेकाळी क्षयाचे रुग्ण बरे होण्याच्या आशेने येत. डॉ. बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगला आहार हेच उपचार होते.

त्या काळात क्षयाने घरातले माणूस गमावणे म्हणजे काय, हे नॉर्वेच्या एडवर्ड मुंक यांनी चित्रातून दाखवले. ‘द स्क्रीम’ या चित्रामुळे जगाला माहीत असलेले हेच ते चित्रकार.

नेमके काय घडले होते?

मुंक यांचा जन्म 1863 चा. एडवर्ड 5 वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. 1877 मध्ये त्याच आजाराने मोठी बहीण सोफी गेली. ती 15 वर्षांची होती, एडवर्ड 13 वर्षांचा. वडील डॉक्टर होते, पण त्यांचाही इलाज चालला नाही.

चित्रात काय आहे?

उशीला टेकून बसलेली, फिकट चेहऱ्याची मुलगी. शेजारी मान खाली घातलेली स्त्री. दोघींचे हात एकमेकींच्या हातात. स्त्रीसाठी मावशी कारेन बसली होती, तर मुलीसाठी बेत्सी नील्सन नावाची 11 वर्षांची मुलगी. म्हणजे चेहरा बेत्सीचा, पण व्यक्तिचित्र सोफीचे.

पहिले चित्र 1885-86 मध्ये झाले. मुंक रंग लावत, खरवडत, पुन्हा लावत. ते ओरखडे आजही दिसतात. 1886 च्या प्रदर्शनात लोकांनी या चित्राची टिंगल केली. अनेकांना ते अर्धवट वाटले.

पहिले एकल प्रदर्शन

1889 मध्ये क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोत, मुंक यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. त्याच वर्षीच्या ‘वसंत’ या चित्रातही आजारी मुलगी आहे. मात्र इथे खिडकीतून ऊन येते आणि पडदे वाऱ्याने फुगलेले आहेत.

एकच चित्र सहा वेळा का?

सुमारे 40 वर्षांत मुंक यांनी ‘आजारी मुलगी’ 6 वेळा रंगवली. शिवाय छापचित्रेही केली. 1907 मधले एक चित्र जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संग्रहालयात होते. नाझींनी ते ‘विकृत कला’ ठरवून काढून टाकले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

सोफी ज्या खुर्चीत गेली, ती खुर्ची मुंक यांनी जन्मभर जपली. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावतात, हार घालतात आणि दरवर्षी तिथीला तो पुसून हार बदलतात. त्याने दुःख संपत नाही, पण त्याला घरात एक जागा मिळते. मुंक यांची 6 चित्रे काहीशी तशीच आहेत.

पुढे काय झाले?

क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 मध्ये सापडले. जानेवारी 1944 मध्ये मुंक वारले. सोफीला जाऊन तेव्हा 66 वर्षे झाली होती.