रायगडचे राजालंकार : रत्ने गेली, नोंदी उरल्या

राजवैभव लयाला गेल्यावर त्याच्या अलंकारांचा माग बहुधा कागदपत्रांतच काढावा लागतो. रायगडावरील शिवराज्याभिषेकाच्या रत्नालंकारांबाबतही तसेच घडले आहे.

हा सोहळा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजेच ६ जून १६७४ रोजी झाला. तहाच्या बोलण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून चौलमार्गे गडावर आला होता. दरबारात दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांनी ती पाहून इंग्रजांना सिंहासनाजवळ बोलावले व वस्त्रे दिली, अशी नोंद ऑक्झेंडनने केली आहे. सिंहासनाच्या उजवीकडे भाल्यांच्या टोकांवर सोन्याची दोन मत्स्यमुखे, तर डावीकडे अश्वपुच्छे व सोन्याचा तराजू होता, असेही तो लिहितो. सभासद बखरीत बत्तीस मण सोन्याच्या रत्नजडित सिंहासनाचा उल्लेख आढळतो.

नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. पुढे तो मराठ्यांनी परत मिळवला. मात्र १० मे १८१८ रोजी इंग्रजांनी जिंकला, तेव्हा तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत गडावरील वाडे जळाले. ते सिंहासन किंवा ती अंगठी आज कोणत्याही संग्रहालयात पाहावयास मिळत नाही.

रशियन राजघराण्याचे काही दागिने याबाबत सुदैवी ठरले. १९१७ च्या क्रांतीनंतर ग्रँड डचेस मारिया पावलोव्हना यांची रत्नजडित कफलिंक्स व सिगारेटच्या डब्या पेट्रोग्राडमधील स्वीडिश वकिलातीत ठेवण्यात आल्या होत्या. सुमारे नव्वद वर्षांनी त्या स्वीडनच्या परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यात सापडल्या आणि २००९ मध्ये लंडनमध्ये त्यांचा लिलाव झाला. त्या जपून ठेवल्या गेल्यामुळेच त्यांची मालकी सिद्ध करता आली.

रायगडावर आता भिस्त आहे ती उत्खननावर. एप्रिल २०२१ मध्ये तेथे सोन्याची नक्षीदार बांगडी सापडली. अशी वस्तू कोणत्या थरात, कशासोबत मिळाली, यावरून तिचा काळ ठरविता येतो. ती परस्पर उचलल्यास हा पुरावा कायमचा नष्ट होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना खोदकाम करण्यासही बंदी आहे. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने हे नियम ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.