‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ : दुसऱ्या पर्वाचा अपेक्षाभंग

काइउ शिराई (लेखन) व पोसुका देमिझू (चित्रे) यांच्या १८१ प्रकरणांच्या जपानी चित्रकथेवर आधारित अ‍ॅनिमे मालिका. आपण राक्षसांचे भक्ष्य म्हणून वाढवले जात आहोत, हे उमगलेल्या अनाथ मुलांच्या सुटकेची ही कथा. २०१९ मधील पहिल्या पर्वाने ३७ प्रकरणांना १२ भाग दिले आणि ते वाखाणले गेले. २०२१ मधील दुसऱ्या पर्वाने उरलेली कथा अवघ्या ११ भागांत उरकली. ‘गोल्डी पाँड’ हा वाचकप्रिय कथाभाग वगळला गेला. शेवटच्या महत्त्वाच्या घटना केवळ स्थिरचित्रांतून दाखवल्या गेल्या. या घाईवर समीक्षकांनी कठोर टीका केली. मुलांच्या सावध, संथ आखणीतूनच पहिल्या पर्वातील भय आकाराला आले होते. संकटे उभी राहताच सुटू लागल्यावर ते ओसरले.